प्रल्हादची एक घंटी

वहिनींचा फोन आला तेव्हा मी वारंगा फाट्यावर, माझ्या ऑफिससमोर, एका व्यापाऱ्याशी हळदीच्या भाड्यावरून भांडत उभा होतो. माझा धंदा गाड्यांचा. भांडण हा त्या धंद्याचा अर्धा भाग. फोन हैदराबादहून होता, सुनीता वहिनींचा, म्हणजे माझा मित्र प्रल्हाद याच्या बायकोचा. "भाऊजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. मी विचारलं, "कुठं गेला?" ... खरंच असं विचारलं. कारण त्या दिवशी सकाळीच प्रल्हादची घंटी मला आली होती. रोज यायची तशीच, एकदा वाजून तुटलेली. मी वहिनींवर चिडलोच. "काहीतरी घोळ हाय वहिनी. सकाळी त्याची घंटी आली मला. चांगला हाय तो." त्या म्हणाल्या, "पहाटेच गेले, भाऊजी." समोरच्या व्यापाऱ्याला मी काय बोललो ते मला आठवत नाही. तो नंतर सांगत होता की मी त्यालाच खोटारडा म्हणालो.

संध्याकाळी त्याला हट्ट्याला आणलं. हट्टा त्याचं गाव. मी गाडी घेऊन गेलो, खांदा दिला, त्याच्या आईजवळ बसलो आणि घरी परत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुवत होतो तर फोन वाजला. एकदा वाजला आणि तुटला. नंबर प्रल्हादचा.

माझा हात तसाच ओला राहिला. आदल्या दिवशी ज्याची चिता जळताना मी डोळ्यांनी बघितली तो माणूस मला घंटी देत होता. पेपरच्या पुरवणीसाठी त्याच्यावर लिहा असा निरोप आला, तेव्हा मी कळवलं की तो केवढा मोठा संशोधक होता हे त्याच्या विद्यार्थ्यांना विचारा. माझं आणि त्याचं एक भांडण मिटायचं राहिलंय, तेवढं मी लिहितो.

आम्ही तालुक्याच्या वसतिगृहात एका खोलीत होतो. तो हट्ट्याच्या शेतकऱ्याचा पोरगा, मी वारंग्याजवळच्या तांड्यावरचा. तो वाचायचा आणि मी सौदे करायचो. मेसमध्ये ज्याला वांगं आवडायचं नाही त्याचं वांगं घ्यायचं आणि ज्याला आवडायचं त्याच्याकडून त्याबदल्यात पापड घ्यायचा, असा माझा कारभार. प्रल्हाद म्हणायचा, "किसन्या, तू उपाशी मरणार न्हाईस आणि कुणाला पोटभर जेवूबी देणार न्हाईस." दहावीनंतर मी ड्रायव्हरच्या बाजूच्या सीटवर जाऊन बसलो आणि तो पुढं शिकत गेला, इतका पुढं की तो काय शिकतोय हे गावात कुणालाच सांगता येईना. त्याची आई सांगायची, "कंप्युटरचा डाक्टर हाय." लोक विचारायचे, म्हणजे दुरुस्ती करतो का? ती म्हणायची, "व्हय, लई मोठे मोठे."

खरं काय ते मला त्यानं माझ्याच ऑफिसात बसून समजावलं. मोठं काम एका कंप्युटरला झेपत नाही, म्हणून शेकडो कंप्युटर एकमेकांना जोडून ते काम वाटून देतात. मग दोन प्रश्न उरतात. कुणाला किती काम द्यायचं, आणि मधेच एखादा बंद पडला तर ते बाकीच्यांना कळणार कसं. "बस, एवढंच," तो म्हणाला, "वाटप आणि भरवसा. ह्याच्यातच माझा जन्म जाणार." मी म्हणालो, "मग तू काय वेगळं करून राहिला? मी बी तेच करतो. माझे कंप्युटर डिझेल पितात." तो हसला नाही. खुर्ची पुढं ओढून म्हणाला, "सांग बरं, तुझी गाडी बंद पडली हे तुला कसं कळतं?"

तेव्हा मी त्याला घंटीचं सांगितलं. आमच्या तांड्याचे पूर्वज लदेणीवाले, बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरणारे. माझा आजा सांगायचा की तांडा चालताना सगळ्यात शेवटच्या बैलाच्या गळ्यात वेगळ्या आवाजाची घंटी बांधायची. पुढच्यानं मागं वळून बघायचं नाही, नुसतं ऐकायचं. ती घंटी ऐकू येतेय तोवर सगळे बैल मागं आहेत. मी गाड्या घेतल्या तेव्हा फोनवर बोलणं महाग होतं, म्हणून ड्रायव्हरांना आजाचीच रीत लावून दिली, मिसकॉलची. एक घंटी म्हणजे रस्त्यात आहे, सगळं ठीक. दोन घंट्या म्हणजे पोचलो. उचलायचं नाही, बोलायचं नाही. मी उलटी एक घंटी दिली की त्याला कळायचं, शेठनं ऐकलं. पुढं बोलणं फुकट झालं तरी आमची रीत तीच राहिली. ड्रायव्हरला बोलायला लावलं की तो उचल मागतो, हे एक कारण.

प्रल्हादनं हे सगळं डोळे बारीक करून ऐकलं. त्याच सुट्टीत त्याच्यासमोर एक तमाशा झाला. माझ्या दोनच गाड्या होत्या तेव्हा. गफूरभाई नावाचे माझे ड्रायव्हर वसमतहून हळद भरायला गेलेले, त्यांची घंटी येईना. मी गरम डोक्याचा. गाडी पलटी झाली असं धरून दुसरी गाडी सोडली. आणि गफूरभाई रस्त्यात कुणाच्या तरी सोयऱ्याकडं निवांत चहा पीत बसलेले. दोन्ही गाड्या एकाच वखारीपुढं, एकाच मालासाठी. दोन्ही ड्रायव्हर एकमेकांना म्हणतायत, "शेठनं मला पाठवलं." वखारवाला दोघांनाही शिव्या देतोय. एक गाडी रिकामी परत आली. मी गफूरभाईंवर ओरडत होतो आणि प्रल्हाद टेबलावर डोकं ठेवून हसत होता.

"हसतोस काहून?"

"किसन्या, थांबलेला आन् मेलेला, लांबून दोन्ही सारखेच दिसतात रे. जगातले मोठे मोठे लोक इथंच अडकून पडलेत. त्यांचे बी असेच दोन-दोन ट्रक एका दारात उभे राहतात."

गफूरभाई शांतपणे म्हणाले, "मैं तो जिंदा था शेठ. सिर्फ लेट था."

त्यानंतर मी एक गोष्ट सुरू केली. सगळ्यांची सारखी वाट बघायची नाही. शिवा नावाचा पोरगा घड्याळासारखा चालवायचा, त्याची घंटी जराशी चुकली की मी लगेच माणूस धाडायचो. गफूरभाईंची घंटी तासभर आली नाही तरी मी पान खात बसायचो. माणूस बघून वाट बघायची. प्रल्हाद दरवेळी आला की याच्याबद्दलच विचारायचा. याची किती वाट बघतोस, त्याची किती, पावसाळ्यात किती, नवीन ड्रायव्हर आला तर सुरुवातीला किती धरतोस. मला वाटायचं गप्पा मारतोय. बदल्यात तोही मला शिकवायचा. म्हणायचा, चांगल्या गाडीवर सगळा माल लादू नको, ती बसली की सगळं बसतं, आणि हंगामात एक गाडी कायम मोकळी ठेव. मी म्हणायचो, मोकळी गाडी उभी करायला मी काय येडा हाय? पुढं एक गाडी मी मोकळी ठेवायला लागलो, पण तो आला की तिचं बॉनेट उघडून ठेवायचो. तो गाडीभोवती एक चक्कर मारायचा आणि म्हणायचा, "दुरुस्तीला आली वाटतं परत. लई तकलीफ देते बिचारी."

भांडण झालं ते असं. परदेशातल्या कुठल्यातरी सभेत त्यानं निबंध वाचला, त्याचं नाव झालं. घरी आला तेव्हा तो छापलेला निबंध त्याच्या बॅगेत होता. मी तो मागून नेला आणि फाट्यावरच्या कॉलेजच्या मास्तरांकडून वाचून घेतला. मास्तर म्हणाले, यात असं मांडलंय की बंद पडलेल्या यंत्राची वाट किती बघायची ते त्या यंत्राचा स्वभाव बघून ठरवायचं. मी विचारलं, माझं नाव कुठाय? मास्तरांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलं. नव्हतं. मी तडक हट्ट्याला गेलो. त्याच्या अंगणात, त्याच्या आईसमोर, जे तोंडाला आलं ते बोललो. माझी घंटी चोरलीस म्हणालो.

तो म्हणाला, "घंटी तुझी न्हाई किसन्या. ती जगात आधीपासून हाय. तुझ्याकडून मी एकच गोष्ट घेतली, माणूस बघून वाट बघायची."

"मग तेवढ्या एका गोष्टीपुढं माझं नाव टाकायला काय हात दुखत होता?"

"भाषणात सांगतो ना. माझा एक मित्र हाय म्हणून."

"एक मित्र? त्या एका मित्राला नाव न्हाई?"

"कुणी विचारलं की सांगीन. अजून कुणी विचारलंच न्हाई रे."

हे तो खरंच म्हणाला, आणि मस्करीत नाही, अगदी साधेपणानं. त्या सभेतले लोक नाव विचारत नसतीलही. पण मी निघून आलो आणि त्याच्याशी बोलणं बंद केलं. त्यानं फोन केले, मी उचलले नाहीत. दिवाळीला फाट्यावर आला, मी आतल्या खोलीत बसून राहिलो आणि बाहेर सांगायला लावलं की शेठ नांदेडला गेलेत. पुढची दिवाळीही तशीच गेली.

मग एका सकाळी नवीन नंबरवरून घंटी आली. एकदा वाजली आणि तुटली. मी ड्रायव्हरांना विचारलं, कुणाचा नंबर? कुणाचाच नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी परत. तिसऱ्या दिवशीही. तेव्हा डोक्यात उजेड पडला. एक घंटी. रस्त्यात आहे, सगळं ठीक. हैदराबादला बसून तो माझी रीत माझ्यावरच चालवत होता. मी उत्तर दिलं नाही. पावसाळा आला, सोयाबीन निघालं, घंटी रोज येत राहिली आणि मी रोज फोनकडं बघत राहिलो. शेवटी एक दिवस, का ते मलाही माहीत नाही, मी उलटी एक घंटी दिली. बस. त्यावर तो काही बोलला नाही, मीही नाही. पुढं जाणंयेणं सुरू झालं, पण त्या निबंधाचा विषय आम्ही परत काढला नाही. आमची दोस्ती त्यानंतर बोलण्यावर कमी आणि घंटीवर जास्त चालली. सकाळी त्याची एक, मग माझी एक. माणूस आहे, ठीक आहे, कामाला लागा.

मागच्या दिवाळीत तो आला तेव्हा वाळला होता. आम्ही ढाब्यावर जेवायला बसलो. त्यानं भाकरीचा एक तुकडा मोडला आणि तोच हातात धरून बसला. मी विचारलं तर म्हणाला, हैदराबादच्या मसाल्यानं पोट बिघडलंय. माझं तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या टायरवाल्याशी चाललेलं होतं, तो भाव उतरवत नव्हता. प्रल्हाद गालाला हात लावून आमचा सौदा ऐकत होता. टायरवाला हरला. निघताना प्रल्हाद मला म्हणाला, "तुला हरताना एकदा बघायचंय किसन्या." मी म्हणालो, जन्मात बघणार नाहीस ... हे आमचं शेवटचं बोलणं.

त्यानंतर दवाखाना, ऑपरेशन, परत दवाखाना. मला यातलं काहीच कळलं नाही. त्याच्या हैदराबादच्या शेजाऱ्यांना माहीत होतं, विद्यार्थ्यांना माहीत होतं. मला रोज सकाळी घंटी येत होती. रस्त्यात आहे, सगळं ठीक.

तेरवीला गेलो तेव्हा जेवण झाल्यावर मी वहिनींना बाजूला घेतलं. त्याच्या जाण्यानंतरही घंटी रोज येतच होती. कोणी विद्यार्थी खेळ करून राहिला असेल तर त्याचं तंगडं मोडतो, असं मी म्हणालो. त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं. त्यांच्या भावानं हैदराबादहून सामान आणलं होतं, त्यातली डब्याएवढी एक काळी पेटी फळीवर ठेवलेली होती, माहीत नसलं तर कुणी उचलून फेकून देईल अशी. तिच्यावर एक हिरवा दिवा लुकलुकत होता.

"ही वाजवते, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "दवाखान्यात जायच्या आधी त्यांनी बनवली. सिम हिच्यातच हाय. हातात बळ असलं त्या दिवशी ते मोबाईलवरून हिला हुकूम द्यायचे, म्हणजे घंटी त्यांचीच. बळ नसलं तर वेळ झाली की ही आपोआप द्यायची."

"मग त्याच्या कोणत्या आन् हिच्या कोणत्या?"

"आता कसं सांगू? दोन्ही सारख्याच जायच्या."

मी पेटीकडं बघत राहिलो. वहिनींनीच पुढचं सांगितलं. "तुम्हाला कळवू म्हणलं मी कितीकदा. ते म्हणायचे, किसन आला की डॉक्टरशी सौदा करील. डॉक्टर सहा महिने म्हणला तर हा म्हणेल, सहा काहून, वर्षाचं बोला. आन् डॉक्टर काय त्याच्या टायरवाल्यासारखा उतरणार न्हाई. मग किसन मोडून पडेल, म्हणायचे."

मला रडू आलं नाही, राग आला. लोकांना वाटतं रागीट माणूस दुःखात मऊ होतो. मी नाही झालो. माझ्याशी व्यवहारात आजवर कुणी लबाडी केली नाही, करू दिली नाही, आणि यानं चांगल्या गाडीची घंटी देत देत गाडी दरीत घातली. मी म्हणालो, "बंद करा ही." वहिनी म्हणाल्या, "मी न्हाई करणार. ती आपली आपण बंद होईल. तुमची उलटी घंटी यायची थांबली की काही दिवस वाट बघून ही थांबणार, असंच त्यांनी करून ठेवलंय."

"मग थांबू द्या," म्हणालो, आणि चप्पल घालून निघालो.

त्या दिवसापासून मी उलटी घंटी दिली नाही. सकाळी फोन वाजायचा, मी बघायचो आणि उलटा ठेवायचो. वाटलं दोन-तीन दिवसांत थांबेल. थांबली नाही. आठवडा गेला. मग मीच सकाळी फोनच्या आधी उठून बसायला लागलो. आज नसेल, आज तरी नसेल असं म्हणत ... आणि ती वाजली की मला शिवी यायची आणि जीवही खाली यायचा, दोन्ही एकदमच. शिवासारख्या पोराची मी एवढी वाट बघितली नसती. गफूरभाईंची बघितली असती कदाचित. शेवटी न राहवून वहिनींना फोन केला.

"वहिनी, ही पेटी किती दिवस वाट बघणार हाय?"

त्या पहिल्यांदाच थोडं हसल्या. "मी बी हेच विचारलं होतं. म्हणलं, यंत्राला यंत्राचं उत्तर न्हाई आलं तर तुम्ही इतक्यात मेलं समजता, भाऊजींना एवढी मुदत काहून? तर म्हणले, किसनचा राग माहीत हाय ना तुला? मागं एकदा दोन दिवाळ्या लागल्या. उत्तर येत न्हाई म्हणजे गेला असं न्हाई, रागात हाय. माणूस बघून वाट बघायची."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हे माझं न्हाई म्हणले, किसनचंच हाय. त्याचं त्याला परत."

मी विचारलं, "पण किती? आकडा काय टाकलाय?"

"तो मला सांगितला न्हाई. म्हणले, तुला कळला की तू त्याला सांगशील. आन् किसनला आकडा कळला की तो सौदेबाज माणूस, शेवटच्या दिवसापर्यंत ताणून धरील."

फोन ठेवला आणि ऑफिसचा दरवाजा आतून लावून घेतला. बाहेर कुणीतरी भाड्यासाठी हाका मारत होतं. त्याला मारू दिल्या.

माझी तक्रार अजून आहे. निबंधात माझं नाव नाही ते नाहीच, आणि आजारपण लपवलं ते लपवलंच. यातलं काहीही मी सोडलेलं नाही. तो भेटला असता तर परत अंगणात उभा राहून भांडलो असतो. पण मुदतीचा आकडा मला माहीत नाही, आणि ज्याचा आकडा माहीत नाही तो सौदा ताणता येत नाही. मला हरताना बघायचं म्हणाला होता. दुसऱ्या सकाळी घंटी वाजली तेव्हा मी उलटी एक दिली.

पेटी आता हट्ट्यालाच असते, त्याच्या आईच्या खोलीत. तिथं लाईट जाते, पेटीतली बॅटरी थोडाच वेळ टिकते, आणि घंटी कधी नऊला येते, कधी दुपारी. पहिल्यांदा उशीर झाला तेव्हा मी गाडी काढून निम्म्या रस्त्यात पोचलो होतो, तेव्हा वाजली. रस्त्याकडेला थांबून उलटी दिली आणि तसाच परत फिरलो. पुढच्या आठवड्यात आईच्या खोलीत इन्व्हर्टर बसवून दिला. भाव मात्र घासून घेतला, दुकानदार रडकुंडीला आला. आई म्हणाली, "पंखा बी चालंल का रे ह्याच्यावर?" म्हणलं, चालेल, पण आधी पेटी.

गफूरभाई आता गाडी चालवत नाहीत, सकाळी ऑफिसात येऊन बशीतनं चहा पीत बसतात. परवा त्यांच्यासमोरच फोन वाजला, एकदा, आणि तुटला. मी उलटी घंटी दिली. प्रल्हादला त्यांनीही खांदा दिलेला आहे, पेटीचं मात्र मी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

"किसकी घंटी शेठ?"

"हट्ट्याच्या गाडीची."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. हट्ट्याला त्या दिवशी माझी एकही गाडी गेलेली नव्हती, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. बशी खाली ठेवून त्यांनी विचारलं, "पोचली?"

"न्हाई," मी म्हणालो. "रस्त्यात हाय अजून."

"बराबर," गफूरभाई म्हणाले. "येऊ द्या सावकाश."